बाबल्याची घंटा

तो गावी गेल्यापासून आमच्या घरचं खोबरेल तेल महिनाभर पुरतं. आधी पुरायचं नाही. दर दोन-चार दिवसांनी हा दारात उभा. "गे काकी, चमचोभर त्याल दी." डोक्याला नव्हे. डोक्यावर त्याच्या केस होते कुठे? तेल लागायचं ते हातमोज्याला.

हातमोजा चामड्याचा, सुपाएवढा, पाचही बोटं सुजल्यासारखी. फार वर्षांपूर्वी तो इथे बहरीनमध्ये अमेरिकन लोकांची बस चालवायचा. शुक्रवारी त्यांची कुटुंबं मैदानावर न्यायची आणि खेळ संपेपर्यंत थांबायचं. बाकीचे ड्रायव्हर बसच्या सावलीला झोपायचे, हा कुंपणाला नाक लावून खेळ बघायचा. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने देशी परत जाताना हा हातमोजा त्याला देऊन टाकला. बेसबॉलचा. तिथून हा माणूस कामातून गेला.

आम्ही इथल्या गुदैबिया भागात राहतो. मुलगा आणि सून ऑफिसात, नात शाळेत, मी स्वयंपाकघरात. समोरच्या फ्लॅटमध्ये आपल्याकडचे चार बाप्ये राहायचे, एकाच बस कंपनीतले. त्यांचं रात्रीचं जेवण मी करायचे आणि ते आमच्याकडे येऊन जेवून जायचे. त्यातला हा एक, मालवणकडचा. मी चिपळूणची. त्याची बोली मला सगळी कळायची, हेच माझं दुर्दैव. मी पाहिला तेव्हा तो शाळेची बस चालवत होता. माझी नात त्याच्याच बसने जायची.

बाकीचे तिघं क्रिकेटवाले. साताऱ्याचा एक इलेक्ट्रिशियन होता, तो याला रोज छळायचा. "आरं, ह्यो विटी नसलेला विटीदांडू कुठं शोधलास?"

हा भात कालवता कालवता शांतपणे सांगायचा, "क्रिकेटात एकदा आउट झालो की मानूस पाय आपटीत घराक गेलो. हय दहात सात वेळा चुकलो तरी तेका मोठो मानतत. कित्याक? फाल्या परत आसा."

फाल्या म्हणजे उद्या. हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ जास्त झालं, फाल्या परत आसा. रजा नामंजूर झाली, फाल्या परत आसा. एकदा मी चिडून विचारलं, "दहातल्या सात भाकऱ्या करपवल्या, तर मला मोठी म्हणशील का रे मेल्या?"

त्याने खरंच विचार केला. घास हातात धरून. मग म्हणाला, "भाकरी तुझ्या अंगार कोण फेकून मारीत नाय गे काकी. चेंडू मारतत."

"तू बोलत राहा. मीच मारते तुला भाकरी फेकून."

"फेक!" म्हणाला आणि खुर्चीखालचा हातमोजा काढून बोटं घालून बसला. अशा माणसाशी काय बोलायचं?

त्याचे नियम होते. त्यांच्याकडे दुपारचा खेळ असला की आपल्याकडे जेवणाची वेळ येते. मग फोन ताकाच्या भांड्याला टेकवून समोर ठेवायचा. संघ हरायला लागला की टोपी उलटी करायची, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून घालायची. घामाचे पांढरे डाग लोकांच्या ताटासमोर. संघ जिंकत असला की मोजे धुवायचे नाहीत. बहरीनच्या ऑगस्टमध्ये, जेव्हा भिंतींनाही घाम येतो. एकदा त्याचा संघ पंधरवडाभर जिंकत सुटला, तेव्हा इलेक्ट्रिशियनने मोजे चिमट्याने उचलून गॅलरीत नेऊन ठेवले. त्या दिवशी संघ हरला. ह्याने त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. आणि खेळ चालू असताना कोणी जागा बदलायची नाही. मला एकदा डाळीखालचा गॅस बंद करायला उठू देईना. डाळ लागली. त्या लागलेल्या डाळीला तो म्हणे, "जिंकलो, आता वास येंदे."

या संघात त्याचा एक लाडका खेळाडू होता. त्याचं खरं नाव अर्ध्या ओळीचं. ह्याने त्याचं नाव बाबल्या ठेवलं, कारण ह्याच्या बाबल्या नावाच्या चुलतभावासारखा तो तोंडाने गोल होता. बाबल्या दांडूने चेंडू मारण्यात पटाईत. फोटोत बघितला मी, पाटा-वरवंट्यासारखा माणूस.

एका वर्षी एप्रिलपासून बाबल्याला काही लागेना. दांडू फिरवतोय, चेंडू मागे जातोय. दहातले सात चुकलेले चालतात, पण हा दहाच्या दहा चुकवू लागला. तिकडचे लोक त्याला हाकलून द्या म्हणायला लागले. आमच्याकडे ह्याचं जेवण तुटलं.

मग त्याने मासे सोडले. मालवणच्या माणसाने मासे सोडले म्हणजे काय, ते देशावरच्यांना कळायचं नाही. बाबल्याला लागेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यासाठी वेगळी भाजी करायला मला कोणी नोकर ठेवलाय का?" पण करावी लागली.

एवढ्याने झालं नाही. एका शुक्रवारी सगळे जेवायला जमले तेव्हा हा उठून उभा राहिला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागला. आमच्या कोकणात देवळात पुढचा माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागून कोणी व्हय म्हटलं नाही तर ते गाऱ्हाणं पोचत नाही. ते घालायचं देवापुढे, गावच्या माणसांसाठी. ह्याने घातलं माझ्या फ्रीजपुढे, अमेरिकेच्या माणसासाठी.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज जो काय ह्यो बाबल्या परमुलखात दांडो फिरयता हा, तेच्या दांड्याक खयची नजर लागली आसात, कोणी वाकडो पाय टाकलो आसात, तर ती इडापिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघंही ओरडले. क्रिकेटवाले असले तरी गाऱ्हाण्याला नाही कोण म्हणणार? इलेक्ट्रिशियन तर साताऱ्याचा, त्याला गंमतच वाटली.

"आनी तेचो चेंडू कुंपणाच्या भायर पडलो, तर तुझ्या देवळाक बाबल्याच्या नावान पितळेची घंटा बांदीन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी काही म्हटलं नाही. मला म्हणाला, "काकी, तू व्हय म्हणूक नाय."

"रवळनाथाला दुसरी कामं आहेत," मी म्हटलं. "आणि तुला ताट उचलायचं काम आहे."

जूनमध्ये बाबल्याला लागायला लागलं. लागायला म्हणजे असं, की चेंडू कुंपणाबाहेर, लोक उभे. हा तर माझ्या नातीला खांद्यावर घेऊन जिन्यात नाचला. त्या दिवशी बांगडे खाल्ले ते किती, विचारू नका, मला परत तळायला बसावं लागलं. आणि ह्याने खरंच गावी भावाला सांगून घंटा करवून घेतली. आमच्याकडे देवळाच्या घंटेवर देणाऱ्याचं नाव घालतात. भावाने विचारलं, तुझं नाव घालू ना? हा म्हणाला, ज्याचं काम झालं त्याचं नाव. मग घंटेवर कोरलं गेलं, "बाबल्या, अमेरिका यांजकडून." फोटो आला, तो त्याने आम्हा सगळ्यांना दाखवला, बिल्डिंगच्या नातूरलाही दाखवला. नातूर म्हणजे इथला वॉचमन, तो बिचारा बंगाली. "अच्छा है," म्हणाला. गावात सगळे विचारत होते, हा कुठला बाबल्या, कुणाचा जावई?

ऑगस्टमध्ये बातमी आली. बाबल्याची तपासणी झाली आणि त्यात ताकदीचं बंदी असलेलं औषध सापडलं. अर्ध्या सीझनची बंदी.

मला वाटलं होतं हा रडेल. रडला नाही, पेटला. बाबल्याचा फोटो भिंतीवरून काढला, टोपी कपाटात टाकली. जेवताना एकच विषय. "चोर! माझी मासळी खाल्ल्यान. देवाक फसवल्यान." बाबल्याने पत्रकारांपुढे सांगितलं की दुकानातून आणलेल्या ताकदीच्या पावडरीत काय होतं ते मला माहीत नव्हतं. ते ऐकून तर ह्याने ताटावर मूठ मारली. "माहीत नव्हता म्हणता! आपल्या तोंडात काय घालतंय ता माहीत नाय?"

इलेक्ट्रिशियनला चेव चढला. "काय रं, मग ते लागलं ते कुणामुळं? देवामुळं का सुईमुळं? घंटा डॉक्टरला द्यायला पायजे व्हती. रवळनाथ मफी, बाबल्या खलास!"

मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. सगळे हसले. हा ताट ठेवून उठून गेला.

मग भावाचा फोन. माझ्यासमोरच बोलत होता. गावात कोणा शिकलेल्या पोराने मोबाइलवर बातमी वाचली होती. देवळातले मानकरी विचारत होते, चोराच्या नावाची घंटा देवापुढे कशी ठेवायची? नाव घासून काढायचं, की घंटाच उतरवायची? हा "बघतंय," म्हणाला आणि फोन ठेवला.

हे सगळं चालू असताना एक दुसरं चालू होतं, ते सांगते. सप्टेंबरात शाळा उघडायच्या वेळी कंपनी सगळ्यांची मेडिकल करते. त्याआधी समोरच्या फ्लॅटमध्ये कारल्याचा हंगाम यायचा. ज्याला साखर आहे, ज्याला बीपी आहे, तो पंधरा दिवस भात बंद करायचा, मेथीचं पाणी प्यायचा, आणि शेवटचे काही दिवस गोळ्या दुप्पट घ्यायचा. म्हणजे रिपोर्ट चांगला येतो. मेडिकल झाली की बिर्याणी. हे कोणी लपवायचेही नाहीत, एकमेकांना उपाय सांगायचे. डॉक्टरने विचारलं कसली औषधं घेता, तर म्हणायचं, काही नाही. रिपोर्ट बिघडला तर बस जाते, आणि बस गेली तर व्हिसाचं काही खरं नाही. याला साखर होती, बरीच. पन्नाशी उलटली होती. गावी बायको, दोन मुली शिकणाऱ्या.

तर हा माझ्या टेबलावर बसून कारल्याचा रस पीत होता आणि बाबल्याला शिव्या देत होता. एका हाताने नाक धरून, दुसऱ्या हाताने पेला. मी बघत होते. तेव्हा बोलले नाही, कारण मला दुसऱ्याच्या पोटाच्या गोष्टीत पडायची सवय नाही.

मग एक दिवस नात दुपारी उशिरा घरी आली. मेडिकल तीन दिवसांवर होती. मी विचारलं, कुठे होतीस? ती इंग्लिशमध्ये बोलते, मी मराठीत, आमचं तसंच चालतं. "आजी, अंकल स्टॉप्ड द बस. ही वॉज स्लीपिंग ऑन द व्हील." मी तिला नीट समोर बसवून सगळं काढून घेतलं. बुदैयाच्या रस्त्यावर ह्याने बस कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सगळा शर्ट घामाने ओला. मुलांना वाटलं गंमत करतोय. कोणाच्या तरी डब्यातला ज्यूस त्याने मागून घेतला आणि प्यायला. मग दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावलं आणि त्याने मुलं सोडली.

मुलगा घरी आला आणि हे ऐकून तापला. "आई, मी आत्ता शाळेला फोन करतो."

"कर," मी म्हटलं. "पण आधी मला त्याच्याकडे जाऊ दे."

समोरच्या फ्लॅटमध्ये तो पलंगावर बसला होता, हातमोजा मांडीवर. मी दारातूनच विचारलं, "साखर एवढी उतरली, दुप्पट गोळ्या घेतल्यास ना?"

"काकी, आठवड्यापुरत्या. सगळेच घेतत."

"बाबल्याच्या तिकडेही सगळेच घेत असतील."

त्याने मान वर केली. "तेची गोष्ट येगळी. तो करोडपती. हावरो. माका दोन चेडवा आसत शिकूची."

"वेगळी आहेच. त्याने काय केलं? चेंडू लांब मारला. लागला तर लागला, नाही तर तुझी मासळी गेली. तुझ्या पाठीमागे बसभर पोरं बसतात, त्यात माझी एक आहे. त्याला चोर म्हणतोस आणि माझ्याच टेबलावर कारलं पितोस! डॉक्टरने विचारलं काय घेतोस, तर तू काय सांगणार होतास? काही नाही, हेच ना? मग त्याने काय वेगळं सांगितलं?"

"काकी, बस गेली तर मी घराक जातलंय."

"जा. चालत जा, पण जिवंत जा. आणि पोरांना सोडून जा."

मी कठोर बोलले असं सून म्हणाली. असेन. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माझी नात त्या बसमध्ये होती, आणि ज्यूस होता म्हणून निभावलं.

मुलाला मी सांगितलं, मेडिकल होईपर्यंत थांब. तोवर नातीला तो स्वतः सोडायला गेला. पण ह्याने दुसऱ्या दिवशी बस काढलीच नाही, अंग बरं नाही म्हणून ऑफिसला कळवलं. जेवायलाही आला नाही. डबा पाठवला, तो तसाच परत आला.

मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी मात्र आला. बाकीचे कारलं-मेथीवर होते. हा बसला आणि म्हणाला, "भात वाढ गे काकी."

"उद्या मेडिकल आहे."

"आसा. जा काय आसा ता दिसांदे."

इलेक्ट्रिशियन काही बोलायला गेला, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मेथीचा पेला तोंडाला लावला. ह्याने भात खाल्ला, आमटी खाल्ली, नेहमीची एकच गोळी घेतली आणि पट्टीतल्या जास्तीच्या गोळ्या टेबलावर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने विचारलं, तेव्हा साखर कधीपासून आहे, काय घेतो, बस का थांबवली, सगळं सांगून आला. तिथून सरळ ऑफिसात गेला आणि तिथेही सांगितलं.

बस गेली. व्हायचं तेच झालं. मेपर्यंतचा करार उरला होता, तोवर कंपनीने त्याला यार्डात ठेवलं, बसेस धुवायला आणि चाव्या सांभाळायला. पुढचा व्हिसा नाही म्हणून सांगून टाकलं. मोठ्या मुलीचं पुण्याचं कॉलेज राहिलं, तिने कणकवलीला नाव घातलं. फ्लॅटमधल्या लोकांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं. इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, "ह्यो हरिश्चंद्र झाला, आता डॉक्टर आमालाबी धुंडणार." आणि खरंच, त्याच महिन्यात डॉक्टरांनी सगळ्यांना दोन-दोन वेळा तपासलं. सगळे त्याच्यावर चिडले. मला विचाराल तर बरं झालं. पण त्याच्यावर चिडले हेही खरं, आणि ते वेगळे जेवायला लागले.

भावाचा परत फोन आला तेव्हा तो कांदा चिरून देत होता मला. यार्डातून आता लवकर सुटायचा. फोन कानाला आणि सुरी हातात. "नाय, रवांदे घंटा. नाव पण रवांदे." रवांदे म्हणजे राहू दे. तिकडून भाऊ काहीतरी बरंच बोलला. हा ऐकत होता. मग म्हणाला, "वाजता मा? मग झाला."

मी विचारलं, "मानकरी ऐकतील?"

"ऐकतीत, नाय तर नाय," म्हणाला आणि कांदा चिरायला लागला. कांदा फार जाड चिरायचा. शेवटपर्यंत शिकला नाही.

मे महिन्यात बाबल्याची बंदी संपली. ह्याचं जायचं तिकीट त्याच महिन्याचं होतं. ज्या दिवशी बाबल्या परत खेळणार होता, त्या दिवशी तो जेवणाच्या वेळी आला आणि फोन ताकाच्या भांड्याला टेकवला. टोपी कपाटातून काढून आणली होती, सुलटीच घातली. खेळ बघणारे आम्ही दोघंच. मी बघत नव्हते, मी बांगडे तळत होते.

बाबल्या दांडू घेऊन आला आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. हुर्यो. हजारो माणसं, एकाच माणसाला. फोन एवढासा, पण आवाज तव्याच्या आवाजाच्या वर गेला. पुढे बसलेला एक माणूस भली मोठी खोटी सुई हलवत होता. त्याच माणसाने कदाचित गेल्या वर्षी बाबल्यासाठी आपले मोजे धुतले नसतील.

मी म्हटलं, "ओरडतायत ते बरोबरच आहे."

"बरोबर आसा," तो म्हणाला. "मी पण वरडलंय." आणि उठून उभा राहिला.

मला कळलं काय होणार ते. मी म्हटलं, "अरे, आता परत नको."

त्याने हात जोडले. आवाज मोठा नव्हता. "बा देवा रवळनाथा म्हाराजा. ह्या पोरान चूक केल्यान. तेका मोठो कर म्हणून सांगनय नाय. चेंडू भायर घाल म्हणून पण सांगनय नाय. पण आता जा काय ता आपल्या हातान करता हा, तर तेका तोंड लपवूक लावू नको रे म्हाराजा."

आणि थांबला. मागून आवाज यायची वाट बघत. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं. फोनमधले लोक ओरडत होते. तो तसाच हात जोडून उभा, टोपीखाली मान खाली. त्याला सवयच नव्हती ना, एकट्याने गाऱ्हाणं घालायची. बांगडा एका बाजूने करपायला लागला होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. "आता बस. जेव."

तो बसला. मी ताट वाढलं. बाबल्याने दांडू फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. चेंडू तिन्ही वेळा मागेच गेला. लोक आणखी ओरडले आणि बाबल्या मान वर ठेवून चालत परत गेला.

"काय झालं तुझ्या गाऱ्हाण्याचं?" मी विचारलं.

"ह्यो सातातलो एक," तो म्हणाला, आणि बांगड्याचा काटा काढायला लागला.